मॅग्नेटला नंबर लागला म्हणून

रविवारी सकाळी मराठी शाळेचे वर्ग भरले की आम्ही आईबाप बाहेरच्या व्हरांड्यात थर्मासमधला चहा ओतून घेत उभे असतो. एरवी बोलणं भारताच्या तिकिटांचं, कुणाच्या सासूबाईंच्या व्हिसाचं. पण हिवाळा सरता सरता, ज्यांची मुलं पाचवीत आहेत त्यांना दुसरा विषय सुचत नाही. इथे अमेरिकेत काही मोजक्या शाळांत सहावीपासून निवडक मुलांसाठी खास कार्यक्रम असतो, त्याला मॅग्नेट म्हणतात; जागा थोड्या, म्हणून पात्र मुलांची नावं आता लॉटरीने निघतात. "तुमचं आलं का मॅग्नेटचं?" "वेटपूलमध्ये, म्हणजे प्रतीक्षायादीत, टाकलंय." यंदा त्यावरून चांगलीच जुंपली. एक बाबा तावातावाने म्हणाले, लॉटरी लावून काउंटीने, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या शाळाखात्याने, हुशार मुलांच्या मेहनतीवर पाणी फिरवलं. एक ताई म्हणाल्या, परीक्षा ठेवली की क्लासला पैसे मोजू शकणाऱ्यांचीच मुलं पुढे जातात. दोघंही अभ्यास करून आले होते, दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं. वीस मिनिटं वाद चालला. त्या वीस मिनिटांत स्वतःच्या मुलाबद्दल, म्हणजे त्याला काय आवडतं, कशाचा कंटाळा येतो, सकाळी तो कसा उठतो, याबद्दल कुणीही एक वाक्य बोललं नाही.

जागा कशा वाटाव्यात हा काउंटीपुढचा प्रश्न आहे आणि तो महत्त्वाचा आहेच. पण हाती आलेली जागा घ्यावी की नाही, हा घराघरातला प्रश्न आहे. त्यावर आपण बोलत नाही, कारण उत्तर आधीच ठरलेलं असतं: नंबर लागला ना, मग जायचं. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. नंबर लागणं हे जाण्याचं कारण होऊ शकत नाही. मॅग्नेटमधल्या दिवसाची घडण वेगळी असते, ती काही मुलांना मानवते, काहींना मानवत नाही. कुणाला मानवेल हे गुणपत्रिकेवरून कळत नाही, मुलाकडे पाहून कळतं. आणि सगळं पाहून, समजून घेऊन अकरा वर्षांच्या मुलाने मनापासून नको म्हटलं, तर त्याचा शब्द अखेरचा मानावा.

मॅग्नेट म्हणजे चुंबक. हे नाव का पडलं ते आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. पण वस्त्याच वेगळ्या होत्या, त्यामुळे शाळाही वेगळ्याच राहिल्या. मग मुलांना बसने दुसऱ्या वस्तीत पाठवण्याचे न्यायालयीन आदेश आले आणि १९७४ मध्ये बॉस्टनमध्ये त्यावरून दगडफेक झाली. सक्ती नको, ओढ हवी, असा विचार त्याच्या थोडा आधीपासून सुरू झाला होता. १९६८ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमा शहरात मॅकार्व्हर नावाच्या प्राथमिक शाळेत, प्रामुख्याने काळ्या वस्तीतल्या शाळेत, असं शिक्षण देऊ केलं गेलं की बाहेरचे पालक आपणहून मुलं पाठवतील. आमच्या मेरीलँडमधल्या मॉन्टगोमेरी काउंटीतही हेच झालं. सिल्व्हर स्प्रिंगच्या ब्लेअर हायस्कूलमध्ये १९८५ मध्ये विज्ञान-गणिताचा मॅग्नेट सुरू झाला, तो त्या भागातल्या शाळांमधून गोरी मुलं कमी होत चालली होती म्हणून. सहावी ते आठवीसाठी टाकोमा पार्क मिडल स्कूलमध्ये गणित, विज्ञान आणि संगणकाचा कार्यक्रम आहे, ईस्टर्न मिडल स्कूलमध्ये भाषा आणि मानव्यविद्यांचा. आज त्याच इमारतीत, त्याच जिन्यांवरून दोन प्रकारची मुलं वावरतात: बाहेरून बसने आलेली मॅग्नेटची आणि शेजारच्या वस्तीतून पायी आलेली. शाळांमधली वर्णाची भिंत पाडायला निघालेला हा उपक्रम कॉलेजप्रवेशाची पहिली पायरी कधी बनला? तो आपणच बनवला.

आपल्याकडच्या निवडक शाळाही अशाच एकेका हेतूने निघाल्या. १९६२ मध्ये आप्पा पेंडसे यांनी पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, पुढे १९६९ मध्ये प्रशाला निघाली. मुलांची बुद्धी समाजाच्या कामी यावी, हा त्यामागचा ध्यास होता. १९८५-८६ मध्ये ज्या पहिल्या दोन नवोदय शाळा निघाल्या, त्यांतली एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. खेड्यातल्या मुलाला पैशावाचून अडू नये म्हणून सहावीपासून राहणं, जेवण, पुस्तकं सगळं मोफत आणि निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना. या शाळांनी अनेकांची आयुष्यं बदलली, यात शंका नाही. पण तिथेही प्रश्न हाच होता, की या हेतूत, या दिनक्रमात आपलं मूल बसतं का? माझा मावसभाऊ पाचवीनंतर निवडक मुलांच्या एका निवासी शाळेत गेला. गावात त्याचा सत्कार झाला, पेढे वाटले गेले. दिवाळीच्या सुटीत घरी आला आणि परत जायच्या दिवशी तो गोठ्यात जाऊन बसला, काही केल्या बाहेर येईना. मावशी त्याला ओढून बाहेर काढत होती आणि स्वतःही रडत होती. त्याला ट्रंकेसह एसटीत बसवलं गेलं, कारण नंबर लागला होता आणि पेढे वाटून झाले होते. मी तेव्हा आठ वर्षांची होते. हे मला तिथेच कळायला हवं होतं. कळायला तीस वर्षं लागली.

आता दुसऱ्या बाजूचं जे खरोखर वजनदार आहे, ते मान्य करते. वर्गात दहा मिनिटांत सगळं संपवून उरलेली चाळीस मिनिटं बाकाखाली पुस्तक धरून वाचणारी मुलं असतात. त्यांना आपल्यासारखं आणखी कुणी भेटणं ही चैन नसते, ती भूक असते. माझ्या मैत्रिणीची मुलगी अशीच. पाचवीपर्यंत ती घरी येऊन म्हणायची, "मी विचारलं की सगळे हसतात." मॅग्नेटमध्ये पहिल्याच महिन्यात तिला दोन मैत्रिणी मिळाल्या, ज्या तिच्यासारख्याच मुळाक्षरांपासून स्वतःच्या भाषा तयार करायच्या. त्या तिघी आज कॉलेजात आहेत आणि अजून एकमेकींना त्या भाषेत पत्रं लिहितात. त्या मुलीला तिच्या जवळच्या शाळेत ठेवणं हा अन्याय झाला असता. दुसरं म्हणजे, आपण परक्या देशात आहोत. इथे मुलाला नोकरीला चिकटवणारे मामा-काका नाहीत, ओळखीचे वकील-डॉक्टर नाहीत. शिक्षण हीच आपली एकमेव शिडी होती, आणि जिने आपल्याला इथवर आणलं ती मुलांच्या हातून सुटू नये ही धास्ती खोटी नाही. ती मला आजही रात्री जागं ठेवते. तिसरं, मॅग्नेटमधले अनेक शिक्षक असामान्य असतात, आणि त्या वर्गातून पुढे हायस्कूलच्या मॅग्नेटची तयारी होते, हेही खरं.

पण या तिन्हींतून "नंबर लागला की जायचं" हा निष्कर्ष निघत नाही. शिडीचंच घ्या. २०१४ मध्ये अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक या तीन अर्थतज्ज्ञांनी बॉस्टन आणि न्यू यॉर्कमधल्या परीक्षेने प्रवेश देणाऱ्या शाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. बॉस्टनच्या या शाळांत सातवीपासून प्रवेश मिळतो, म्हणजे मुलं आपल्या मुलांच्याच वयाची. कटऑफच्या जेमतेम वर असलेली आणि जेमतेम खाली राहिलेली मुलं त्यांनी शेजारी ठेवून पाहिली. एक-दोन गुणांचा फरक, पण वर्गमित्र पूर्ण वेगळे. पुढे परीक्षेतले गुण आणि कॉलेज पाहिलं, तर दोन्ही गटांत म्हणावा असा फरक सापडला नाही. हा अभ्यास काठावरच्या मुलांबद्दलच बोलतो, बाकाखाली पुस्तक धरणाऱ्या त्या मुलीबद्दल काही सांगत नाही, हे मी मानते. पण आपल्यातली बहुतेक मुलं कुठे असतात? काठाच्या आसपासच. त्यांच्या बाबतीत "गेला नाही तर मागे पडेल" या भीतीला निदान या पुराव्याचा आधार नाही.

दुसरी गोष्ट मनाची. "वासरांत लंगडी गाय शहाणी" असं आपण कुणाला कमी लेखायला म्हणतो. पण अकरा वर्षांच्या मुलाला काही काळ वासरांत शहाणं असण्याची गरज असते. हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकापासून हे पुन्हा पुन्हा दाखवलं आहे, आणि पुढे अनेक देशांत ते तपासलं गेलं. सारख्याच कुवतीची दोन मुलं असतील, तर जास्त हुशार मुलांच्या शाळेत गेलेलं मूल स्वतःला अभ्यासात कमी समजू लागतं. मूल स्वतःला मोजतं ते शेजारच्या बाकावरच्या मुलाशी ताडून. काही मुलं त्यातून पेटून उठतात, काही हळूच मागच्या बाकावर सरकतात. तुमचं मूल यातलं कोणतं? हे काउंटीच्या संगणकाला ठाऊक नसतं. तुम्हाला ठाऊक असतं.

आणि चाचणी म्हणजे ब्रह्मवाक्य, असं तर मुळीच नाही. स्टॅनफर्डच्या लुइस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातली अतिबुद्धिमान मुलं बुद्धिगुणांकावरून वेचली, दीड हजाराच्या घरात, आणि आयुष्यभर त्यांचा मागोवा घेतला. विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ हे दोन मुलगे तेव्हा त्यांच्या चाळणीतून खाली पडले. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, शॉकलीला १९५६ मध्ये, अल्वारेझला १९६८ मध्ये. इंग्लंडने १९४४ च्या कायद्यानंतर अकराव्या वर्षीच्या परीक्षेवरून मुलांच्या शाळाच वेगळ्या केल्या. वीस-एकवीस वर्षांनी, १९६५ मध्ये, सरकारला शिक्षणखात्यांना ही विभागणी मोडायला सांगावं लागलं. अकराव्या वर्षी मुलाचं भविष्य ठरवता येतं, या विश्वासाची किंमत त्या देशातल्या एका पिढीने मोजली. मग आपण पाचवीतल्या एका ई-मेलला एवढं वजन का देतो?

माझ्या थोरल्याची निवड लॉटरी येण्याआधीची, म्हणजे गुणांवर झालेली. मॅप नावाच्या शाळेतल्या गणित-वाचनाच्या चाचणीत तो नेहमी वरच्या टोकाला असायचा. ई-मेल उघडल्यापासून होकार कळवेपर्यंत आम्हाला दहा मिनिटंही लागली नसतील. त्यातली पाच पुण्याला फोन करण्यात गेली. त्याला कुणी विचारलं नाही. तो ट्रम्पेट वाजवायचा, आणि गल्लीतल्या मुलांबरोबर अंधार पडेपर्यंत खेळायचा. त्याला प्रश्न पटकन सुटत, पण एका प्रश्नात महिनाभर राहायला आवडत नसे, आणि तिथे तर सगळं कामच तसं: प्रयोगाची वही, गटाचं प्रोजेक्ट, पुन्हा लिहा, पुन्हा मोजा. सहावीच्या फेब्रुवारीतली एक रविवारची रात्र मला विसरता येत नाही. साडेदहा वाजले होते. जेवणाच्या टेबलावर पोस्टरचा पांढरा पुठ्ठा, त्यावर मी पट्टी धरून आलेखाच्या रेघा मारत होते, त्याचे बाबा लॅपटॉपवर आकडे भरत होते, आणि तो शेजारच्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपला होता. प्रोजेक्ट कुणाचं होतं? ट्रम्पेटची पेटी दाराआड उभी होती आणि तिच्यावर धुळीचा थर होता. सातवी संपताना त्याने विचारलं, "आई, मी परत आपल्या इथल्या शाळेत जाऊ का?" वाक्य त्याने इतकं हळू उच्चारलं, की परवानगी मागतोय की माफी, तेच कळेना. त्यात शाळेची काही चूक नव्हती. शिक्षकांनी दोनदा फोन करून आम्हाला सावध केलं होतं. आम्ही ऐकलं नाही.

म्हणून मी आता पालकांना सांगते, गुण बाजूला ठेवा आणि मुलाला आठवडाभर नुसतं पाहा. काही करायला नसताना ते काय करतं? कुणी न सांगता ते एखाद्या गोष्टीत दोन तास बुडतं का, आणि ती गोष्ट त्या कार्यक्रमाच्या विषयाजवळची आहे का? गोष्टी लिहिणाऱ्या मुलीला संगणकाच्या मॅग्नेटमध्ये कोंबायचं कशाला? चुकलं की ते काय करतं, पुन्हा हात घालतं की वही मिटून ठेवतं? मग दिवसाचं गणित मांडा, घड्याळ समोर ठेवून. मॅग्नेटची बस घरासमोर येत नाही, ठरावीक ठिकाणी येते. जानेवारीत तिथे पोचताना अंधार असतो. येण्याजाण्यात दीड-दोन तास गेले, वर अभ्यास आला, तर तबला, पोहणं, रविवारची मराठी शाळा, आजीशी फोन, यातलं काय सुटणार आहे? सुटलं तर चालेल का? झोपेचा तास मात्र हिशेबात धरूच नका, तो सोडायचा नसतो. आणि जवळच्या शाळेत प्रत्यक्ष जाऊन पाहा. आमच्या काउंटीत जवळच्या शाळेतही आठवीच्या आत अल्जेब्रा १ करता येतं, वरच्या पातळीचे वर्ग असतात. किती पालकांनी त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून "माझ्या मुलाला गणितात पुढे काय देणार?" असं विचारलंय? ज्या शाळेला आपण पाच वर्षं नाकं मुरडतो, तिच्या दाराच्या आत आपण पाऊलही टाकलेलं नसतं.

व्हरांड्यातल्या त्या वादाकडेही यायला हवं, कारण तो टाळून चालणार नाही. शेजारच्या व्हर्जिनियात फेअरफॅक्स काउंटीने थॉमस जेफरसन या निवडक हायस्कूलची प्रवेशपरीक्षा ऑक्टोबर २०२० मध्ये बंद केली. पालकांचा एक गट न्यायालयात गेला. पहिला निकाल त्यांच्या बाजूने लागला, अपिलात तो उलटला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. आमच्या काउंटीत आधी सगळ्याच पाचवीच्या मुलांची माहिती तपासून निवड सुरू झाली, मग कोविडच्या काळात लॉटरी आली. लॉटरीत खोट आहे, हे मी मानते: ज्या मुलाला त्या वर्गाची सगळ्यात जास्त गरज आहे त्याचंच नाव निघेल, याची खात्री नाही. परीक्षेतही खोट आहे: तयारीचे क्लास लावणाऱ्याला ती झुकतं माप देते, आणि आपल्या समाजाने ते माप दोन्ही हातांनी घेतलं, हे प्रामाणिकपणे कबूल करायला हवं. पण या दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली आहे, की चांगला वर्ग मूठभर जागांपुरताच असणार. तो तसा का असावा? ज्या मुलांची पात्रता आहे आणि नाव निघालेलं नाही, ती सगळी दुसऱ्या दिवशी आपापल्या जवळच्या शाळेत असतात. एका शाळेत अशी वीस मुलं जमली तर तिथेच तसा वर्ग का भरू नये? काउंटीने २०१८ च्या सुमारास काही वरच्या पातळीचे अभ्यासक्रम जवळच्या शाळांत नेले होते, म्हणजे ते जमतं. वकिलांच्या फीसाठी वर्गणी काढणारे आपण, शाळा मंडळाच्या बैठकीत उभं राहून हे वर्ग प्रत्येक मिडल स्कूलमध्ये मागतो का? मी तीन वर्षं जातेय. मराठी चेहरे फार कमी दिसतात. आणि वस्तीतली सगळी चुणचुणीत मुलं बसमध्ये बसून निघून गेली, की जवळच्या शाळेत असा वर्ग मागायला उरतं कोण?

धाकटी यंदा पाचवीत आहे. तिचं नाव निघालं. या वेळी आम्ही होकारही कळवला नाही आणि पुण्याला फोनही केला नाही. आधी तिला तिच्या जवळच्या शाळेत घेऊन गेलो, मग मॅग्नेटच्या माहितीच्या संध्याकाळी. तिथे प्रयोगशाळेत आठवीतली एक मुलगी टेबलाशी उभी राहून पाहुण्यांना तिचा यंत्रमानव दाखवत होती. चालता चालता तो कलंडला. माझी लेक तिला म्हणाली, "हे चुकलं की तुम्ही काय करता?" ती मुलगी जरा थांबली. मग म्हणाली, "परत करतो. कधीकधी सगळं पहिल्यापासून. मागच्या महिन्यात मी रडले पण होते." धाकटी पुढे काही बोलली नाही. गाडीत बसल्यावर बराच वेळ गप्प होती, आणि मग घर येईपर्यंत त्या यंत्रमानवाचं मागचं चाक कुठे बसवायला हवं होतं, ते आम्हाला सांगत राहिली. घरी आल्यावर दादाच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. दोघं अर्धा तास बोलत होते. काय बोलले ते मी विचारलं नाही.

होकार कळवायची मुदत शुक्रवारी होती. गुरुवारी रात्री ती स्वतःहून म्हणाली, "मी जाते. पण पोहणं सोडणार नाही, आणि पोस्टर मी एकटी करणार." बस सहा वाजून पन्नास मिनिटांनी. सप्टेंबरपासून सोमवार ते बुधवार स्टॉपवर सोडायची पाळी तिच्या बाबांची, गुरुवार-शुक्रवार माझी. सातवीच्या सुरुवातीला तिला पुन्हा विचारायचं, हे फ्रिजवरच्या कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवलं आहे.